निवळू दे म्हणणारा आरेकर

वसंत आरेकराने मला फसवलं. मी त्याला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्याकडे उलटं सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. रत्नागिरीत एमआयडीसीच्या नाक्यावर चहाला उभे राहा आणि आरेकराचं नाव काढा. समोरचा आधी हसेल, मग म्हणेल, "देवमाणूस! त्या नागवेकरशेठकडे इतकी वर्षं टिकला कसा, कोण जाणे." तो नागवेकरशेठ म्हणजे मी.

फसवलं म्हणजे पैसे खाल्ले नाहीत. गिऱ्हाईकही पळवलं नाही. माझं यंत्र त्याने माझ्यामागे बदललं, ते सगळ्यांना सांगितलं, मला सांगितलं नाही, आणि ते झाकायला खोटं बोलला. त्या खोट्यापायी मी माझा एकुलता एक मित्र तोडून बसलो. आता आरेकर गावी जाऊन पालखी नाचवतो आणि मी त्याच्या उत्तराची वाट बघतोय.

मी आठवीत शाळा सोडली. बंदरावर बोटीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी गुंडाळत गुंडाळत एमआयडीसीत स्वतःची शेड टाकली. कारखान्यांची कंट्रोल पॅनल बनवतो. पत्र्याचं कपाट, आत वायरी, बाहेर दिवे. पूर्वी दिवा लागला की मोटर चालू, विझला की बंद, एवढाच मामला होता. मग मासळीचे मोठे कारखाने आले. त्यांना नुसतं चालू-बंद पुरेना. थंड खोलीत नेमकी थंडी किती, अमोनियाच्या पाइपात दाब किती, हे सतत आकड्यात हवं. असा हळूहळू कमी-जास्त होणारा सिग्नल म्हणजे अ‍ॅनालॉग. एकदोन असते तर मीही निभावलं असतं. इथे शेकड्याने. म्हणून आरेकराला आणला.

आरेकर डिप्लोमावाला. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या प्रकल्पात उपकरणं सांभाळून आलेला. गाव हेदवीच्या अलीकडे. उंच, जरा पोक काढून चालणारा, कानात अत्तराचा फाया आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. दिवसभर पॅनलच्या मागे ओणवा राहून बाहेर आला तरी त्या शर्टाची घडी मोडलेली नसे. मला ते बघवत नसे. शेडचं कुलूप काढतानाच माझे हात काळे होतात.

पगाराचं बोलणं झालं तो दिवस मला आठवतो. मी घासाघीस करणारा माणूस. समोरच्याने माझा पहिला आकडा मान्य केला तर मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. आरेकराने मान्य केला.

"चालेल की," म्हणाला.

"विचार करून सांगा."

"केला."

"मग अट तरी काही?"

"शिमग्याला रजा. पालखी देवळात परत बसेपर्यंत मी येणार नाही."

"म्हणजे किती दिवस?"

"ते पालखीला विचारा, शेठ."

शेडमधली पोरं फिदीफिदी हसली. पहिल्याच दिवशी माझ्या शेडमध्ये माझ्यावर हसण्याची सुरुवात त्याने अशी करून दिली, आणि मला ती गंमत वाटली.

त्याचा एक शब्द होता, "निवळू दे." आमच्याकडे पावसात विहिरीचं पाणी गढूळ येतं. कळशी भरून कोपऱ्यात ठेवतात, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. आरेकर हा शब्द सगळ्याला लावायचा. चहा आला की निवळू दे. साय धरेपर्यंत कपाला हात लावायचा नाही. दोन फिटर पान्यावरून हातघाईवर आले तर दोघांच्या मधे स्टूल टाकून स्वतः त्यावर बसायचा. "निवळू दे," म्हणायचा आणि नखं कापत राहायचा. थोड्या वेळाने तेच दोघं एका बिडीवर. मी फोनवर कुणाला झापत असलो की पॅनलच्या मागून नुसता त्याचा हात वर यायचा, पंजा पसरलेला, बसस्टॉपवर एसटीला करतात तसा. फोन ठेवल्यावर मी ओरडायचो, "हात कुणाला दाखवता?" तो म्हणायचा, "तुम्हाला नाय शेठ, मच्छर होता."

मोजायची पद्धतही तशीच. मीटरच्या पिना वायरीला लावायच्या आणि भलतीकडे बघायचं. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाच्या मोटारसायकलला नवीन सीट बसली, सगळं बघून झालं की मग मीटरकडे. मी एकदा वैतागून म्हटलं, "आकडा तिकडे आहे, आरेकर."

"लगेच बघू नये, शेठ. पाहुणा उंबऱ्यात आला की 'किती दिवस राहणार' असं विचारतो का आपण?"

असं बोलायचा आणि लोकांना ते आवडायचं. मी तेच बोललो असतो तर म्हणाले असते, शेठ टोमणा मारतोय.

मी कुठल्याही वस्तूचा भाव खाली आणू शकतो. पण न मागता मला कुणी काही दिलेलं नाही. आरेकराला द्यायचे. कोलंबी सोलणाऱ्या बायका घरून त्याच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणायच्या, कुणी फणसाची साटं, कुणी सुकट निवडून. त्याने कधी नको म्हटलं नाही आणि कधी उपकार झाल्यासारखा चेहराही केला नाही. घ्यायचा, वास घ्यायचा, "तुझ्या सासूच्या हातचं दिसतं" म्हणायचा. ती बाई दिवसभर खूश. मी त्याच गेटमधून त्याच्या बरोबरीने आत जायचो. माझ्या हातात फक्त बिल.

घरीही तेच. माझी बायको मला कधी विचारत नाही की काय खाणार. आरेकर येणार म्हटलं की सकाळपासून घावनाचं पीठ भिजत पडलेलं. "भावोजी सावकाश जेवतात, तसं बघायला बरं वाटतं," म्हणायची. मी भराभर जेवतो. इतकी वर्षं तिला ते खुपतंय हे मला आरेकरामुळे कळलं.

आता हसमुखभाई. मुंबईला लोहार चाळीत त्यांचं दुकान, कंट्रोलच्या सामानाचं. त्यांची आणि माझी मैत्री भांडणाची होती. मी दुकानात शिरलो की ओरडायला सुरुवात करायचो, ते गल्ल्यावर बसून ऐकायचे. मी पायरी उतरून जायचो, परत यायचो, पुन्हा ओरडायचो. माझं संपलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "झालं? आता बोला." मग खरा भाव ठरायचा, आणि मग आम्ही दोघं एका कागदावर गाठिया खायचो. माझा राग ज्याने कधी अंगाला लावून घेतला नाही असा तो एकच माणूस.

बंदराजवळच्या एका मासळी कारखान्याचं काम मला मिळालं तेव्हाची गोष्ट. शेकडो सिग्नल. प्रत्येक सिग्नलला वाचणारं वेगळं यंत्र लावलं तर गिऱ्हाईक पळालं असतं. मी तोड काढली. वाचणारं यंत्र चांगल्यातलं, पण एकच घ्यायचं. त्याच्यापुढे अदलाबदल करणारी कार्डं बसवायची. ती एकेक वायर त्या यंत्राला पाळीपाळीने जोडणार, सोडणार, पुढची जोडणार. हसमुखभाईंकडे अशा कार्डांचा एक मोठा लॉट पडला होता. मी भांडून सगळा उचलला, लागत होता त्याच्या दुप्पट. गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगितलं, पुढे वाढवायला निम्मी जागा मोकळी ठेवलीय.

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये रफिक नावाचा ऑपरेटर होता. त्याला हे यंत्र समजावताना आरेकराने जे सांगितलं ते तिथे अजून सांगतात.

"हे बघ रफिक, आमचा शिमगा पाहिलायस ना? देव एक. घरं पुष्कळ. देव पालखीत बसून घरोघर जातो. प्रत्येक घरी थांबतो, त्या घरचं सुखदुःख ऐकतो, पुढच्या घरी जातो. हे वाचणारं यंत्र म्हणजे देव. वायरी म्हणजे घरं."

"आणि ही कार्डं?"

"पालखीचे भोई."

"आणि शेठ?"

"शेठ ढोल वाजवतात."

सगळी कंट्रोल रूम हसली. मीही हसलो. ढोलाशिवाय पालखी निघते का, असं मला वाटलं होतं.

मी म्हटलं, "मग भोयांना पळायला सांगा. पापणी लवायच्या आत सगळी घरं झाली पाहिजेत. मी गिऱ्हाइकाला तसं कबूल केलंय."

"पळवली तर एका घरचा गुलाल दुसऱ्या घरात सांडतो, शेठ."

"सांडू दे."

"बरं," आरेकर म्हणाला.

मी घासाघिशीत मुरलेला माणूस, पण ते "बरं" मला ऐकू आलं नाही. आता लोक म्हणतात, त्याने तुम्हाला सांगितलं होतं की. हे सांगणं म्हणायचं? गुलाल सांडतो म्हणजे काय होतं, कुठल्या वायरीवर होतं, त्याला उपाय काय, यातलं एक अक्षर त्याने काढलं नाही. पाहुण्याला उंबऱ्यात घाईने काही न विचारणारा माणूस माझं एक वाक्य ऐकून उठून गेला.

यंत्र चाललं. उत्तम चाललं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना ते दाखवायला घेऊन जायचो. स्क्रीनसमोर उभा राहून विचारायचो, "रफिक, फास्ट आहे की नाही?" रफिक म्हणायचा, "एकदम फास्ट, शेठ." आरेकर दाराबाहेर बघत उभा असायचा. बायका चहा आणायच्या. मला वाटायचं, हा मान आपला.

मग कारखान्याने नवीन थंड खोली बांधली. मी म्हटलं, जागा मोकळी आहेच, जोडून टाका. आरेकर डोकं खाजवत म्हणाला, "ती कार्डं गेली, शेठ. खाऱ्या हवेने सडली. काढली आणि टाकली. नवीन आणायला लागतील."

मी तसाच मुंबईला गेलो. हसमुखभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर म्हटलं, "तुम्ही मला कुजका माल विकलात." आणि बरंच काही म्हटलं. पायरी उतरलो, परत चढलो. वाट बघत राहिलो की आता चष्मा पुसतील, आता "झालं?" म्हणतील. त्यांनी चष्म्याला हात लावला नाही.

"नागवेकरभाय, भाव पाडा. मला शिव्या द्या. इतकी वर्षं दिल्या, मी कधी बोललो? पण माल खोटा बोलू नका. ही माझ्या बापाची गादी आहे."

"खोटा आहे म्हणून बोलतोय!"

"मग दुसरीकडून घ्या," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही. त्यांचा मुलगा घेतो, "पप्पा बाहेर गेलेत" म्हणतो, आणि मागे मला त्यांचा खोकला ऐकू येतो.

आरेकर निवृत्त झाला. निरोपाला कारखान्यातल्या बायका रडल्या. रफिकने भाषण केलं. माझी शेड उघडली त्या दिवशी इतके हार नव्हते. आरेकर एकेक हार काढून ज्याचा त्याला परत घालत होता. मला घातला तेव्हा म्हणाला, "तब्येत सांभाळा, शेठ. तापू नका." हा माणूस मला फसवून निघालाय हे त्या मांडवात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

त्यानंतर मला लोट्याला एका कारखान्याचं काम मिळत होतं, आजवरचं सगळ्यात मोठं. मी तसंच यंत्र बनवलं, कबूल केलेल्या वेगाचं, आणि चाचणीला त्यांच्या इंजिनिअरसमोर नेऊन ठेवलं. आकडे झरझर फिरले. तो खूश झाला. मग म्हणाला, "एक वायर काढून बघू?"

"कुठलीही काढा," मी म्हटलं.

त्याने एका थंड खोलीची वायर काढून हातात धरली. स्क्रीनवर 'वायर तुटली' असं यायला हवं होतं. स्क्रीन सांगत होता, उणे अठरा, सगळं ठीक. त्याने दुसरी काढली. तीही ठीक. तो वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मग हसायला लागला.

"नागवेकर, हा शेजारच्या खोलीचा आकडा आहे. तुमचं यंत्र इतकं पळतंय की मागच्या वायरीचा आकडा पुसायच्या आत पुढच्या वायरीवर जातंय. तिथे काही नसलं तर मागचाच दाखवतंय. इथे मेलेली वायर शेजाऱ्याच्या जिवावर जिवंत दिसते. माझी मासळी सडेल आणि मला पत्ता लागणार नाही."

काम गेलं. मी तिथून थेट बंदरावर रफिककडे आलो. म्हटलं, "तुमचं असं का होत नाही? उघड पॅनल."

रफिकने आधी दार लावून घेतलं, मग पॅनलची मागची बाजू उघडली. हसमुखभाईंची कार्डं तिथेच होती. एकही सडलेलं नव्हतं. ज्या जागा मी मोकळ्या म्हणून मिरवत होतो, त्या प्रत्येक दोन सिग्नलांच्या मधे एक अशा गुंफलेल्या होत्या, आणि शून्याला बांधून टाकलेल्या.

"देव एका घरातून निघाला की आधी रिकाम्या अंगणात उभा राहतो, शेठ," रफिक म्हणाला. "गुलाल झटकतो. मग पुढच्या घरी जातो. तिथे वायर तुटलेली असली तर शून्य दिसतं. जिवंत वायरीत थोडा तरी करंट असतोच, ती कधी शून्य सांगत नाही. म्हणजे लगेच कळतं."

"वेळ?"

"दुप्पट लागतो. पण थंड खोली काय पळून जाते?"

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच की, शेठ."

"चहावाल्या बायकांना?"

रफिक पॅनलचं दार लावायला लागला. "आरेकरसाहेब म्हणालेले, शेठना नका सांगू. तापतील, सगळं काढायला लावतील."

तापलो असतो. तो हक्क मी सोडणार नाही. शेड डोक्यावर घेतली असती, आरेकराच्या सात पिढ्या काढल्या असत्या, बाहेर जाऊन परत आलो असतो. आणि मग खुर्ची ओढून म्हटलं असतं, बरं, आता बोला, मधे किती जागा लागतील? माझं ओरडणं सगळी रत्नागिरी ओळखते. ओरडल्यानंतरचा नागवेकर फक्त हसमुखभाईंना माहीत होता. आरेकर माझ्या घरी सावकाश जेवायचा, त्याला तो माहीत नव्हता असं मला सांगू नका.

त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर मला चहा कुणी विचारला नाही. मग आठवलं, आरेकर गेल्यापासून कधीच विचारलेला नाही. इतकी वर्षं त्या गेटवर मला जी माया दिसत होती तो शेजारच्या वायरीचा आकडा होता. तो माझा नाही हे आरेकराला माहीत होतं, आणि त्याने मला तो बघू दिला.

फोन केला तर रेंज नाही. शिमग्याची वाट बघितली, कारण त्या दिवसांत तो कुठे सापडेल हे नक्की होतं. जयगडहून फेरीबोटीत बसलो, पलीकडे तवसाळला उतरून त्याच्या गावात पोचलो. दुपारची वेळ. ढोलाच्या आवाजावर चालत गेलो. पालखी वाडीत होती आणि पुढच्या दांडीखाली आरेकर. शर्टाची इस्त्री तशीच, वर गुलाल.

पालखी एका बंद घरासमोर आली. माणसं मुंबईला, यंदा आलेली नव्हती. दाराला कुलूप, अंगणात वाळक्या पानांचा पातेरा. मला वाटलं, पुढे जातील. पण पालखी खाली ठेवली. ढोल थांबला. गावातला एक म्हातारा पुढे झाला आणि त्या बंद दाराच्या वतीने गाऱ्हाणं घालायला लागला. "बा देवा म्हाराजा, जी लेकरं आज हजर नाहीत, त्यांच्याही पाठीशी ऱ्हा रे म्हाराजा…" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" भरल्या घरी थांबले असतील तेवढाच वेळ तिथेही थांबले.

तेवढ्यात मी आरेकराला गाठलं.

"शेठ! तुम्ही?" त्याला खरंच आनंद झाला होता. तोच राग आला. "बरं झालं आलात. घरी चला, घावन खाऊन जा."

"हसमुखभाईंची कार्डं सडली नव्हती," मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मीटरकडे बघायचा तसा नव्हे, सरळ. काहीतरी बोलणार होता. मागून कुणीतरी हाक मारली, "वसंतदादा, खांदा!" ढोल सुरू झाला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा निवळू दे, शेठ," म्हणाला, आणि दांडीखाली गेला.

पालखी उचलली गेली, पाणंदीत वळली, पुढच्या घराच्या पायऱ्या चढताना त्याचं वाकलेलं डोकं एकदा वर आलं आणि गर्दीत दिसेनासं झालं. मी त्या बंद घराच्या अंगणात उभा राहिलो. मी वाट बघणारा माणूस नाही, तरी फेरीबोटीची वेळ होईपर्यंत बघितली. पालखी वरच्या वाडीला गेली होती, तिथून ती त्या दिवशी खाली येणार नव्हती. माझ्या शर्टावर त्याच्या पंजाचा गुलाल होता. बायकोने धुताना विचारलं, "भावोजी भेटले का?"

तेव्हापासून त्याचा फोन रेंजच्या बाहेर आहे.

आरेकर, शिमगा सरला, पालखी देवळात जाऊन बसली, तुझी रजा संपली. तू चहाला वेळ दिलास, भांडणाऱ्या फिटरांना दिलास, तुटलेल्या वायरींना दिलास, कुलूप लावलेल्या घराला दिलास. मी एकदा ओरडून निवळेन एवढा वेळ मला का दिला नाहीस? हे मला नाक्यावरच्या लोकांकडून नको, रफिककडून नको. तू लोहार चाळीत ये, हसमुखभाईंच्या पायरीवर माझ्या शेजारी उभा राहा, कार्डं चांगली होती हे आधी त्यांना सांग, आणि मग माझ्याकडे वळून उत्तर दे.